वजा एक

मास्तरांनी ती संख्या कॉलेजच्या मोठ्या सुट्टीत तयार केली. एकशे चोपन्न आकडी. स्वयंपाकघरातलं टेबल, दोन जाड वह्या, एक जुना लॅपटॉप आणि दर वेळी प्यायचा राहून गार होणारा चहा, एवढ्या सामानावर. ‘तयार केली’ म्हटलं की धाकटीला हसू यायचं. संख्या आधीपासून असतेच ना, ती विचारायची. मास्तर म्हणायचे, असते, पण कुठे राहते ते शोधून तिच्या दारावर पाटी कुणीतरी लावावी लागते.

धाकटी म्हणजे त्यांची बहीण, पंधरा वर्षांनी लहान. आईवडील गेल्यावर दोघं त्याच घरात राहिली. लग्न दोघांनीही केलं नाही आणि त्याविषयी बोलायचं नाही, हे न बोलताच ठरून गेलं होतं. मास्तर कॉलेजात गणित शिकवायचे. धाकटी शिशाच्या कारखान्याच्या दवाखान्यात रक्त तपासायची.

कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं भट्टीत वितळवायचं आणि ठोकळे पाडून पाठवायचं काम चाले. भट्टीवरच्या प्रत्येकाचं रक्त दर तीन महिन्यांनी तपासलं पाहिजे, असा कायदा होता. त्याप्रमाणे धाकटी तपासायची. यंत्राने दाखवलेला आकडा ती एका वहीत लिहायची आणि दवाखान्याचे डॉक्टर त्यावरून दुसरी वही लिहायचे. दुसऱ्या वहीतला प्रत्येक आकडा पहिलीतल्या आकड्याच्या निम्मा असे. सरकारी माणूस आला की त्याच्यासमोर दुसरी वही उघडली जाई.

चार वर्षं तिने हे पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग एक दिवस भट्टीवरचा एक माणूस रक्त द्यायला आला आणि बाही वर करून उभा राहिला. सुई काढून झाली, कापूस लावून झाला, तरी हा जाईना. त्याचं उजवं मनगट ओल्या फडक्यासारखं खाली लोंबत होतं. बाहीचं बटण त्याला लावता येत नव्हतं आणि सांगायची लाज वाटत होती. धाकटीने बटण लावून दिलं. घरी आल्यावर ती मास्तरांना म्हणाली, “दादा, मला एक कुलूप हवंय.”

पहिल्या वहीतले आकडे, नावांसकट, दुसऱ्या शहरातल्या एका वकीलबाईंपर्यंत पोहोचवायचे होते. तिथे खटला उभा राहणार होता. पण कारखान्याच्या माणसांचे हात लांब होते. कामगारांच्या युनियनने आधी पाठवलेलं एक पत्र दोन दिवसांत मॅनेजरच्या टेबलावर दिसलं होतं. म्हणून ठरलं असं, की धाकटीने घरून कुलूपबंद मजकूर युनियनच्या ऑफिसात पाठवायचा, तिथल्या टायपिस्टने तो उघडून नीट मांडून, छापून, भरवशाच्या ड्रायव्हरबरोबर वकीलबाईंकडे धाडायचा.

हा टायपिस्ट म्हणजे भोंगा. त्याचं खरं नाव युनियनच्या हजेरीवर होतं, बाकी कुठे नाही. तो कुजबुजला तरी रस्त्यापलीकडे ऐकू जाई. सभेत माइक बिघडला की लोक त्यालाच उभं करायचे. असल्या माणसावर गुपित सोपवायचं म्हणजे कमालच, असं मास्तर म्हणाले. धाकटी म्हणाली, “तो मोठ्याने बोलतो दादा, जास्त बोलत नाही. यात फरक आहे.”

कुलपाची, म्हणजे मजकूर आकड्यांत लपवायची, पद्धत मास्तरांना एका पुस्तकातून ठाऊक होती. तिला पायाला एक मोठी मूळ संख्या लागते, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग न जाणारी. अशा संख्या तयार मिळतात. मास्तरांना त्या नको होत्या. दुसऱ्याने दिलेल्या संख्येत दुसऱ्याने काय ठेवलंय कुणास ठाऊक. संगणकाकडून शोधून घेता येतात, त्याही नकोत. कारण संगणक भराभर चाचण्या करून शेवटी सांगतो, ही बहुधा मूळ आहे. तीस वर्षं मास्तरांनी या ‘बहुधा’ला वर्गाच्या बाहेर उभं केलं होतं. त्यांना पुरावा हवा होता, स्वतःच्या हातचा.

तो मिळवायचा एक जुना, सुंदर रस्ता आहे. संख्येतून एक वजा करायचा. उरते तिचे सगळे अवयव आपल्याला माहीत असले, तर मूळ संख्या खरोखर मूळ आहे हे अगदी पक्कं सिद्ध करता येतं. म्हणून मास्तरांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. हजाराच्या आतल्या एकोणसाठ छोट्या मूळ संख्या निवडल्या, त्यांचा गुणाकार केला, त्यात एक मिळवला आणि आलेली संख्या मूळ आहे का ते पाहिलं. नव्हती. एक अवयव बदलला. नव्हती. असं करत करत चारशे बाराव्या खेपेला ती सापडली. मोठे गुणाकार लॅपटॉपने केले, पण पुराव्याची प्रत्येक पायरी मास्तरांनी वहीत शाईने लिहिली आणि शेवटी खाली दोन रेघा मारल्या. त्या दिवशी त्यांनी बाहेरून आइस्क्रीम आणलं. धाकटीला आठवत होतं त्याप्रमाणे ते सहा वर्षांत पहिल्यांदाच.

भोंग्याला त्यांनी याच टेबलापाशी बसवून समजावलं.

“तू एक संख्या ठरव. चाळीस आकडी. डब्यात चिठ्ठ्या टाक आणि एकेक आकडा काढ, म्हणजे तिला शेंडा-बुडखा राहणार नाही. ती पाठ कर आणि कागद जाळून टाक. कुणाला सांगायची नाही. मलासुद्धा नाही.”

“बायकोला?”

“बायकोलाही नाही.”

“आली पंचाईत,” भोंगा म्हणाला आणि शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

“मग एका ठरलेल्या आकड्याला त्याच आकड्याने तितक्या वेळा गुणायचं आणि दर वेळी माझ्या मोठ्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. लॅपटॉप करतो ते. माझी मोठी संख्या आणि ती शेवटची बाकी तू चौकात फळ्यावर लिहिलीस तरी चालेल. धाकटी तिच्यावरून कुलूप लावेल. पण त्या बाकीवरून मागे जाऊन, किती वेळा गुणलं होतं, हे कुणाला काढता येणार नाही.”

“म्हणजे पिठाचे परत दाणे होत नाहीत, तसं.”

“अगदी तसं,” मास्तर म्हणाले. विद्यार्थी हुशार निघाल्यासारखे ते खूश झाले.

आठ महिने सुरळीत गेले. एक्केचाळीस पत्रं गेली. वकीलबाईंनी अर्ज तयार केला. आणि तो दाखल व्हायच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, धाकटी दवाखान्यात नळ्या धूत असताना पोलीस आले. तिने हात पुसले, अॅप्रन काढून खुंटीला टांगला आणि त्यांच्याबरोबर गेली. त्याच तासाला भोंग्यालाही उचललं. आरोप साधा होता, गोपनीय कागदांची चोरी आणि कारखान्याची बदनामी. पोलिसांकडे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पत्रं होती, वाटेत नकलून घेतलेली आणि आता उघडलेली, शब्दन् शब्द. चोरीचे ठरलेले आकडे वापरता येणार नाहीत म्हणून वकीलबाईंचा अर्ज तसाच राहिला.

धाकटीला कोठडी मिळाली. कुलूप कुणी केलं, असं तिला तीन दिवस विचारत होते. तिने सांगितलं नाही. भोंग्याला चौथ्या दिवशी सोडून दिलं, कारण कागद त्याने चोरले नव्हते, फक्त टाइप केले होते.

त्याला सोडलं नसतं तर बरं झालं असतं.

युनियनच्या ऑफिसात सभा भरली. खुर्च्या पुरेनात, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. अध्यक्ष भट्टीवरचे जुने गडी, मोजकं बोलणारे. त्यांनी मास्तरांना निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. कुलूप मास्तरांचं आहे हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यातल्या एकानेही ते पुढे कधी पोलिसांना सांगितलं नाही, हेही इथे लिहून ठेवायला हवं.

“मास्तर, एकच विचारायचंय,” अध्यक्ष म्हणाले. “ती गुप्त संख्या माहीत नसताना पत्रं उघडता येतात का?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

“आणि ती संख्या कुणाला माहीत होती?”

मास्तरांनी भोंग्याकडे पाहिलं. भोंगा खिडकीशी उभा होता, ओठाच्या कोपऱ्यात रक्त सुकलेलं.

“फक्त त्याला.”

“तुमच्या बहिणीलाही नाही?”

“तिला गरजच नव्हती.”

भोंगा म्हणाला, “मी नाही सांगितलं. मारलं त्यांनी, पण विचारलंच नाही. शपथ घेऊन सांगतो, संख्येबद्दल एका शब्दाने विचारलं नाही.” त्याचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता आणि त्या खोलीत तो खोटा वाटला. न विचारता पोलीस पत्रं कशी उघडतील? अध्यक्षांनी ऑफिसची किल्ली मागितली. त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली.

दोन दिवसांनी दुपारी तो मास्तरांच्या घरी आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यापाशीच थांबला. पहिल्यांदाच इतक्या हळू बोलला की मास्तरांना पुढे झुकावं लागलं.

“मास्तर, एकदा परत बघा ना.”

“काय बघू?”

“तुमचं गणित. कुठे हातचा राहून गेला असेल.”

मास्तर आत गेले, वही घेऊन आले आणि त्याच्या हातात दिली. धाकटी कोठडीत होती, घरात चूल पेटत नव्हती, आणि हा माणूस म्हणत होता हातचा राहिला असेल. “बघ तूच. त्रेसष्ट पानं आहेत. एकेक पायरी तीनदा तपासली आहे.”

भोंग्याने दोन-तीन पानं उलटली. एखाद्या परक्या भाषेतल्या कागदावर सही करायला लावावी तसा त्याचा चेहरा झाला. वही त्याने नीट मिटली, दोन्ही हातांनी परत दिली आणि तो निघून गेला.

पुढचा महिना त्याचा कसा गेला हे मास्तरांना तुकड्यातुकड्यांनी कळत होतं. कुणी त्याला काम देईना. त्याच्या बायकोचं इस्त्रीचं दुकान होतं, बसस्टँडच्या मागे. तिथे कपडे यायचे बंद झाले. दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगाने एक शब्द लिहिला. तिने तो घासून काढला. दुसऱ्या दिवशी तो परत होता. चौकात एका बाईने, जिच्या नवऱ्याचं मनगट लुळं पडलं होतं, भोंग्याच्या तोंडावर थुंकून ‘आता खटला कुठला’ असं विचारलं. मास्तरांना हे ऐकून वाईट वाटलं नाही. धाकटीला भेटून आले की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना दिसत राहायची आणि त्यांना वाटायचं, बरं झालं.

मग एका शनिवारी वकीलबाईंनी आरोपपत्राची प्रत पाठवली. बरोबर चिठ्ठी होती, “सर, शेवटचं परिशिष्ट तांत्रिक आहे, मला कळत नाही. बघून सांगाल का?”

परिशिष्ट दीड पानाचं होतं. सरकारी प्रयोगशाळेच्या कुणा तज्ज्ञाने लिहिलेलं, रुक्ष. मास्तर ते टेबलाशी उभ्याउभ्याच वाचत होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर असं वाक्य होतं, ‘वापरलेल्या मूळ संख्येतून एक वजा केल्यास उरणाऱ्या संख्येचे सर्व अवयव एक हजाराच्या आतील असल्याने गुप्त संख्या काढण्यासाठी विशेष साधनसामग्रीची आवश्यकता भासली नाही.’

ते खाली बसले. वाक्य परत वाचलं नाही, त्याची गरज नव्हती. एकदा बोट ठेवल्यावर तीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला बाकीचं कुणी सांगावं लागत नाही. मोठी संख्या मोठी होती, मूळ होती, पुरावा निर्दोष होता. पण गुप्त संख्येचं घर त्या मोठ्या संख्येत नसतं. ते असतं तिच्या अलीकडच्या संख्येत, एकाने कमी असलेल्या. ती एकोणसाठ छोट्या तुकड्यांनी बनलेली असली की चोराला सबंध गुपित एकदम शोधावं लागत नाही. प्रत्येक तुकड्यापुरती गुपिताची बाकी काढायची, हजारच्या आत प्रयत्न, की झालं. मग एकोणसाठ बाक्या जोडायच्या. ज्या गुणामुळे संख्या सिद्ध करता आली, त्याच गुणामुळे ती फुटली. हे त्याच पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणात असणार. मास्तरांनी ते वाचलं नव्हतं. कुलपाचं प्रकरण संपल्यावर पुढचं सगळं व्यवहाराचं असेल म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं होतं.

तरीही त्यांनी करून पाहिलं. प्रोग्रॅम लिहायला पाऊण तास लागला. भोंग्याची ती उघडी बाकी त्यांच्याकडे होतीच. त्यांनी बटण दाबलं. बोट उचलायच्या आत पडद्यावर चाळीस आकडे उभे होते.

बाहेर ऊन होतं. शेजारचा माणूस गाडी धूत होता. मास्तर बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि तसेच उभे राहिले.

सोमवारी ते वकीलबाईंच्या ऑफिसात होते. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा दार लावून घेतलं.

“हे आणखी कुणाला बोललात?”

“नाही. भोंग्याला सांगायला हवं. आज जातो.”

“थांबा. तीन आठवड्यांनी तुमच्या बहिणीच्या जामिनाची सुनावणी आहे. आज त्यांचं म्हणणं एवढंच आहे, की एका कर्मचाऱ्याने रागाच्या भरात कागद फोडले. तुम्ही बाहेर तोंड उघडलंत की ते होतं घरचं कारस्थान. भाऊ कुलूप बनवतो, बहीण चोरते. जामीन विसरा.”

“आणि तो?”

“त्याच्यावर आता खटला नाही सर. त्याला लोक बोलतायत, एवढंच. तीन आठवडे.”

मास्तरांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. नंतर पुष्कळदा त्यांनी स्वतःला विचारलं, की ते पटलं बहिणीसाठी, की कारखान्याच्या फाटकावर उभं राहून ‘मी चुकलो’ म्हणायला आणखी तीन आठवडे मिळत होते म्हणून.

त्यानंतरच्या सोमवारी भोंगा गेला. दुसरं काहीच मिळत नव्हतं म्हणून एका ठेकेदाराकडे गोदामाचे पत्रे बदलायचं काम त्याने धरलं होतं. आयुष्यभर खुर्चीत बसून टाइप केलेला माणूस. तिसऱ्या दिवशी कुजक्या पत्र्यावर पाय पडला आणि तो सोळा फुटांवरून फरशीवर आला. खाली काम करणारे सांगत होते, पडताना ओरडलासुद्धा नाही.

शेवटच्या निरोपाला सहा माणसं होती, त्यातली तीन ठेकेदाराची. युनियनमधून कुणी आलं नाही. मास्तर मागे उभे राहिले. त्याची बायको, इस्त्रीवाली, एकदाही रडली नाही. माती झटकावी तशी ती अधूनमधून हातावर हात घासत होती.

जामिनाची सुनावणी अजून अकरा दिवसांवर होती. मास्तर तितके थांबले नाहीत. गुरुवारी सकाळी ते बसस्टँडच्या मागे गेले. शटर अर्धं वर होतं. शटरवरचा शब्द अर्धवट पुसलेला होता. आत ती इस्त्री गरम करून बसली होती, पण टेबलावर कपडा नव्हता.

“वहिनी, मला थोडं बोलायचंय.”

“बसा मास्तर.” तिने स्टूल पुढे सरकवलं.

मास्तर बसले. त्यांनी खिशातून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. चाळीस आकडे, पाच-पाचच्या गटात. तिने कागद उचलला. आधी नुसती पाहत राहिली. मग तिचे ओठ हलू लागले आणि ओठांबरोबर मानही, चालीत. शेवटचे दोन गट तिने कागदाकडे न बघताच म्हटले.

“हे तो आंघोळ करताना म्हणायचा,” ती म्हणाली. “रोज. मी विचारलं, काय हे, तर म्हणाला पाढे. पुटपुटायचा, पण त्याचं पुटपुटणं कसं ते तुम्हाला माहीत आहे. खिडकी उघडी असायची. मागे गल्ली आहे.” तिने कागद टेबलावर ठेवला. “मास्तर, मला इतके दिवस वाटतंय, की त्या गल्लीतून कुणीतरी ऐकलं. मी खिडकी लावून घ्यायला हवी होती. त्यालाही तसंच वाटत होतं, पण मला बोलला नाही. नंतर नंतर तो आंघोळीला गेला की आधी खिडकी लावायचा.”

“कुणी ऐकलं नाही, वहिनी. ऐकायची गरजच नव्हती. मी जे कुलूप केलं होतं तेच फुटकं होतं. हे आकडे मला त्याने सांगितले नाहीत, मी घरी बसून काढले. पोलिसांनीही तसेच काढले. चूक माझी आहे. त्याची काहीच नव्हती.”

तिने कागदाची बारीक घडी घातली. इस्त्रीचा दिवा लागत होता, विझत होता.

“तुम्हाला कधी कळलं?”

हा प्रश्न येणार हे मास्तरांना ठाऊक होतं. “आज बारावा दिवस.”

तिने बोटांवर मोजलं. सावकाश, एकेक पेर पकडून. आठव्या पेरावर थांबली, परत पहिल्यापासून मोजलं.

“म्हणजे तो कामावर लागायच्या आधी.”

“हो.”

“पत्र्यावर चढायच्या आधी.”

“हो.”

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि वायर काढून गुंडाळली. “मला सांगून काय उपयोग,” ती म्हणाली. “मला तो माहीतच होता. फाटकावर जाऊन सांगा. दुपारची पाळी सुटते तेव्हा. मी येते.”

पाळी सुटायच्या वेळी फाटकासमोर तीनेकशे माणसं जमतात. मास्तरांनी कॉलेजातून फळा आणला होता, दोन पाय असलेला, छोटा. अध्यक्ष आले. लोक हसत थांबले, मग मागे इस्त्रीवाली उभी दिसली आणि हसू बंद झालं.

मास्तरांनी फळ्यावर ३१ लिहिलं. “ही मूळ संख्या. हिच्यातून एक गेला की तीस. तीस म्हणजे दोन गुणिले तीन गुणिले पाच. आता मी तिसाच्या आतली एक संख्या मनात धरली आहे. ओळखायला तुम्हाला तीस वेळा विचारावं लागेल. पण समजा मी सांगितलं, की दोनाने भागली तर बाकी एक, तिनाने भागली तर बाकी दोन आणि पाचाने भागली तर बाकी तीन?”

कुणीतरी मागून म्हणालं, “मास्तर, आम्ही काम करून आलोय.” दुसऱ्याने त्याला गप्प केलं. मग बॅटऱ्या फोडणाऱ्यांतली एक बाई, तोंडावरचा मास्क गळ्यात ओढून, हळूच म्हणाली, “तेवीस.”

“कसं?”

“पाचाने तीन उरतात म्हणजे तीन, आठ, तेरा, अठरा, तेवीस, अठ्ठावीस. विषम म्हणजे तीन, तेरा, तेवीस. तिनाने दोन उरतात तो तेवीसच.”

“बरोबर. माझ्या कुलपात हेच झालं. मी तीसच्या जागी फार मोठी संख्या घेतली, पण ती अशाच छोट्या तुकड्यांची होती. या बाईंनी आत्ता जे केलं, तेच पोलिसांनी केलं. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मी सभेत सांगितलं होतं की हे होऊ शकत नाही. ते चूक होतं.”

समजलं नसतं तर बरं, असं एखाद्याला वाटावं, इतकं ते सगळ्यांना समजलं. तेवीस म्हणणाऱ्या बाईने तोंडावर हात ठेवला. चौकात थुंकली होती ती हीच. अध्यक्षांनी विचारलं, “मग त्याने काय केलं होतं?”

“काहीच नाही.”

गर्दीतून एक माणूस पुढे आला आणि त्याने मास्तरांच्या मुस्कटात मारली. चष्मा पडला. त्याला कुणी अडवलं नाही आणि त्यानेही दुसऱ्यांदा हात उचलला नाही. इस्त्रीवाली केव्हा निघून गेली ते कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर पोलिसांपुढे हजर झाले. वकीलबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. धाकटीचा जामीन फेटाळला गेला. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली, मास्तरांना दोन. कॉलेजाने त्यांचं नाव पाटीवरून काढलं. खटल्यात एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसताना घडली. पत्रं चोरीची आहेत हे दाखवायला सरकारी वकिलांना ती कोर्टात वाचून दाखवावी लागली, सगळी एक्केचाळीस. तीनशे बारा माणसांच्या रक्तातलं शिसं, नावागणिक, कोर्टाच्या दप्तरात गेलं आणि तिथून वर्तमानपत्रांत. भट्टी चौदा महिने बंद राहिली. नंतर दुसऱ्या मालकाच्या नावाने ती सुरू झाली, निम्म्या माणसांवर.

सुटून आल्यावर धाकटी दोन दिवस घरी राहिली. तिसऱ्या दिवशी तिने बॅग भरली. वकीलबाईंच्या शहरात तिला एका छोट्या लॅबमध्ये नळ्या धुण्याचं काम मिळालं होतं. “मी तुला दोष देत नाही, दादा,” ती बुटाची नाडी बांधताना म्हणाली. “तू चुकलास, ते मी समजू शकते. पण तो दारात आला होता तेव्हा तू त्याच्या हातात वही दिलीस ना, ते मला रोज दिसतं. मी तिथे नव्हते, तरी दिसतं.” मास्तरांनी तिची बॅग बसपर्यंत उचलून नेली. ती महिन्यातून एकदा फोन करते आणि तब्येतीची चौकशी करते.

इस्त्रीवालीने गाव सोडलं नाही. युनियनची माणसं माफी मागायला गेली तेव्हा तिने त्यांना दाराबाहेरच उभं केलं, शटर दाखवलं आणि रंग आणायला सांगितलं. त्यांनी आणला आणि तिच्यासमोर सगळं शटर रंगवून दिलं. कपडे परत यायला लागले. मास्तर आता रोज सकाळी त्याच रस्त्याने एका दुकानात हिशेब तपासायच्या कामाला जातात. दुसरा रस्ता आहे, जवळचाही आहे. ते समोरून जाताना ती मान वर करून त्यांच्याकडे बघते, ओळख दाखवत नाही आणि पुन्हा कपड्यावर पाणी शिंपडायला लागते.